श्रीखंडे यांचा आलेख : एका अपवादाचा इतिहास

मिठागर म्हणजे काय, हे आमच्या भाईंदरात पूर्वी कोणास समजावून सांगावे लागत नसे. वसईच्या खाडीच्या दक्षिण तीरावरची ही मीठ पिकविणारी गावे. बांध घालून आखलेले चौकोनी वाफे, त्यांत कोंडलेले भरतीचे पाणी, आणि उन्हाने ते आटल्यावर ओढून ठेवलेल्या मिठाच्या पांढऱ्या राशी, हे दृश्य आगगाडीच्या खिडकीतून दिसू लागले की भाईंदर आले असे समजावयाचे. मीरा-भाईंदरची महानगरपालिका २००२ साली झाली; त्याच्या कितीतरी आधीपासून आगरांच्या जागी इमारती उठू लागल्या होत्या. आज त्या चौकोनांच्या जागी बहुतेक ठिकाणी सदनिकांचे चौकोन आहेत. चौकोन गेले नाहीत. केवळ उभे राहिले, एवढेच.

त्या वाफ्यांकडे पाहताना मनात येणारा एक साधा प्रश्न या लेखाच्या मुळाशी आहे. चार आडव्या आणि चार उभ्या ओळींत मांडलेले सोळा वाफे घ्या. एकाच आडव्या किंवा एकाच उभ्या ओळीत असलेले दोन वाफे परस्परांचे ‘शेजारी’ समजा. मग ते लागून असोत वा नसोत. आता कोणी आपल्याला हे वाफे दाखविलेच नाहीत, फक्त शेजाराचा हिशेब दिला: प्रत्येकास किती शेजारी, कोणत्याही दोघांना सामाईक शेजारी किती. एवढ्या हिशेबावरून मूळची चौरस मांडणी आपणास ओळखता येईल काय? हिशेब जुळला म्हणजे वस्तूही तीच, असे म्हणता येईल काय?

या प्रश्नाचे उत्तर १९५९ साली एका मराठी गणितज्ञाने दिले. उत्तर असे की, होय, ओळखता येईल. वाफे नऊ असोत, पंचवीस असोत की दहा हजार असोत, हिशेबावरून चौरस निश्चित होतो. फक्त वाफे सोळा असतील तर मात्र नाही. सोळाच्या ठिकाणी तोच हिशेब पाळणारी दुसरी एक, आणि एकच, मांडणी संभवते. ती मांडणी आज जगभरच्या पाठ्यपुस्तकांत ‘श्रीखंडे आलेख’ या नावाने ओळखली जाते. इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजे, लढाया आणि तहनामे उभे राहतात. सोळा ठिपके आणि अठ्ठेचाळीस रेघा यांनाही इतिहास असतो, आणि त्या इतिहासात आपल्या भाषेतील एक आडनाव कायमचे कोरले गेले आहे, हे पुष्कळांच्या गावीही नसते.

शरदचंद्र शंकर श्रीखंडे यांचा जन्म १९ ऑक्टोबर १९१७ रोजी सागर येथे झाला. सागर आज मध्य प्रदेशात आहे. पण पेशवाईच्या काळात गोविंदपंत बुंदेल्यांच्या कारभाराचे ते ठाणे होते, आणि मराठी कुटुंबांची वस्ती तेथे पिढ्यान्‌पिढ्यांची. तेथील मुलाने उच्च शिक्षणासाठी नागपूरची वाट धरावी, हा त्या वेळच्या मध्यप्रांतातील स्वाभाविक क्रम. श्रीखंडे नागपूरच्या विज्ञान महाविद्यालयातून पदवीधर झाले, नंतर कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत गेले, आणि पुढे नागपुरास त्यांनी अध्यापनही केले. १९५० साली अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाची पीएच. डी. त्यांनी मिळविली. त्यांचे मार्गदर्शक होते राजचंद्र बोस. या गुरुशिष्यांच्या कथेतील पुढचा सगळा भाग समजावयाचा तर आधी दोन जुन्या वाटा पाहिल्या पाहिजेत. त्यांतील एक शेताच्या बांधावरून येते, दुसरी एका नदीच्या पुलांवरून.

पुलांची वाट जुनी आहे. कोनिग्सबर्ग नगरातील सात पूल, प्रत्येक एकदाच ओलांडून, सगळे फिरून येता येईल काय, या प्रश्नाचे उत्तर लिओनार्ड ऑयलर या थोर गणितज्ञाने १७३६ साली ‘येणार नाही’ असे दिले. उत्तरापेक्षा त्याची रीत महत्त्वाची ठरली. नगराचे भाग म्हणजे ठिपके, पूल म्हणजे त्यांना जोडणाऱ्या रेघा; रस्त्याची लांबी, नदीची रुंदी, दिशा हे सारे बाजूला ठेवावयाचे आणि कोण कोणास जोडलेला आहे एवढेच पाहावयाचे. अशा ठिपक्या-रेघांच्या आकृतीस गणितात आलेख म्हणतात. शाळेत चौकटीच्या कागदावर आपण तापमानाचा काढतो तो आलेख वेगळा. येथे नावापुरतेच साम्य आहे.

ज्या आलेखात प्रत्येक ठिपक्यास सारखेच शेजारी असतात त्यास नियमित म्हणतात. ही अट तशी सैल आहे. सारख्याच संख्येचे शेजारी असलेले असंख्य वेगवेगळे आलेख काढता येतात. अट घट्ट करावयाची असेल तर आणखी दोन गोष्टींची मागणी करावी लागते. एकमेकांचे शेजारी असलेले कोणतेही दोन ठिपके घेतले, तर त्यांना सामाईक शेजारी ठरलेल्या संख्येचेच असावेत. आणि एकमेकांचे शेजारी नसलेले कोणतेही दोन घेतले, तरी त्यांनाही सामाईक शेजारी ठरलेल्या संख्येचेच असावेत. या तिन्ही अटी पाळणाऱ्या आलेखास इंग्रजीत ‘स्ट्राँगली रेग्युलर’ म्हणतात. आपण त्यास ‘दृढ नियमित’ म्हणू. आपले सोळा वाफे याचे उत्तम उदाहरण होत. प्रत्येक वाफ्यास आडव्या ओळीत तीन आणि उभ्या ओळीत तीन, असे सहा शेजारी. एकाच ओळीतील दोन वाफ्यांना सामाईक शेजारी त्या ओळीतील उरलेले दोन. आणि शेजारी नसलेल्या दोन वाफ्यांना सामाईक शेजारीही दोनच: एकाची आडवी ओळ दुसऱ्याच्या उभ्या ओळीस जेथे छेदते तो एक वाफा, आणि दुसऱ्याची आडवी पहिल्याच्या उभीस छेदते तो दुसरा. बुद्धिबळात हत्ती जसा चालतो तसाच हा शेजार असल्यामुळे गणिती या आलेखाला हत्तीचा आलेखही म्हणतात.

आता शेताची वाट. बियाण्याच्या सोळा जाती आहेत आणि त्यांत सरस कोणती हे ठरवावयाचे आहे. सगळी जमीन एकसारखी असती तर प्रश्नच नव्हता. पण एका कोपऱ्यात पाणी साचते, दुसऱ्यात खडक वर येतो. एकसारख्या कसाची पट्टी निवडावी तर तीत चारच जाती मावतात. मग सोळा जातींची तुलना न्यायाने कशी व्हावी? इंग्लंडमधील रॉथमस्टेडच्या कृषिसंशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर आणि त्यांचे सहकारी फ्रँक येट्स यांनी अशा प्रश्नांचे शास्त्र केले. १९३६ च्या सुमारास येट्स यांनी एक सोपी युक्ती सुचविली. सोळा जाती कागदावर चार-चारच्या चौरसात लिहाव्या. एकदा प्रत्येक आडवी ओळ एकेका पट्टीत पेरावी, एकदा प्रत्येक उभी ओळ. म्हणजे काही जोड्या एका पट्टीत शेजारी येतात, काही येत नाहीत. पण कोण येतो आणि कोण येत नाही याला शिस्त असते. जी शिस्त मिठागराच्या वाफ्यांत आपण पाहिली, तीच ही.

प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९३१ साली कलकत्त्यास स्थापन केलेल्या सांख्यिकी संस्थेत हे शास्त्र मोठ्या उत्साहाने उचलले गेले. राजचंद्र बोस हे मुळात भूमितीचे अभ्यासक. शेतातील पट्ट्यांची मांडणी ही वस्तुतः भूमितीच आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. १९३९ साली त्यांनी आणि के. आर. नायर यांनी जातींच्या जोड्यांची ‘पहिल्या नात्याच्या’ आणि ‘दुसऱ्या नात्याच्या’ अशी विभागणी करून अशा मांडण्यांचा सर्वसाधारण सिद्धांत मांडला. पुढे १९५२ साली बोस आणि शिमामोतो यांनी या नात्यांच्या व्यवस्थेलाच स्वतंत्र दर्जा दिला. पीक काढणाऱ्याला नात्यांचे केवळ आकडे पुरतात. प्रयोगाचे सारे गणित त्या आकड्यांवर चालते. परंतु गणितज्ञाला तेवढ्यावर समाधान नसते. आकडे चौरसाचे आहेत. पण मांडणी चौरसाचीच आहे कशावरून? १९५९ साली अमेरिकेतील गणिती सांख्यिकीच्या नियतकालिकात छापलेल्या निबंधात श्रीखंडे यांनी जो प्रश्न घेतला तो हाच.

त्यांच्या उत्तराचा गाभा सामान्य वाचकासही कळण्याजोगा आहे. कोणत्याही एका ठिपक्यापाशी उभे राहा आणि त्याच्या शेजाऱ्यांचे आपापसांत कसे आहे ते विचारा. खऱ्या चौरसात शेजाऱ्यांच्या दोन टोळ्या दिसतात: एक आडव्या ओळीची, एक उभ्या ओळीची. प्रत्येक टोळीतील सर्वजण एकमेकांचे शेजारी, आणि एका टोळीतील कोणीही दुसऱ्या टोळीतील कोणाचा शेजारी नाही. जर नुसत्या आकड्यांवरून शेजाऱ्यांच्या अशा दोन टोळ्या पडतातच असे दाखविता आले, तर ओळी परत उभ्या राहतात, आणि ओळी उभ्या राहिल्या की चौरस उभा राहतो. चौरसाची बाजू चारहून मोठी असेल तेव्हा हे सिद्ध होते. चारहून लहान असेल तेव्हाही निभावते. चारपाशी मात्र घोडे अडते. तेथे ठिपक्याचे सहा शेजारी आणि त्या सहांपैकी प्रत्येकाचे आपापसांत दोन शेजारी. आता सहा माणसांनी असे उभे राहावयाचे की प्रत्येकाने बरोबर दोघांचा हात धरावा, तर किती प्रकार होतील? दोनच. एक तर तिघातिघांची दोन कडी होतील, नाहीतर सहाही जणांचे मिळून एकच कडे होईल. दोन कडी म्हणजे आपला परिचित चौरस. एकच कडे झाले तर?

तर जे मिळते तोच श्रीखंडे आलेख. तो काढणे अवघड नाही. पुन्हा सोळा वाफे घ्या. या वेळी प्रत्येक वाफ्यास लागून डावा-उजवा, वरचा-खालचा, आणि एका ठरावीक तिरप्या दिशेने असलेले दोन, असे सहाच शेजारी माना. कडेच्या वाफ्यांचे काय? डावी कड उजव्या कडेस आणि वरची कड खालच्या कडेस चिकटविली असे समजा. कागद असा दोन्ही बाजूंनी जोडला की त्याची डोक्यावर ओझे घेताना ठेवतात तशी चुंबळ होते. मिठाची पाटी उचलणाऱ्या स्त्रीच्या डोक्यावर जी चुंबळ असे, तिच्यावर सोळा ठिपके, अठ्ठेचाळीस रेघा आणि त्यांनी पडलेले बत्तीस त्रिकोण: कोठेही रेघ रेघेस न छेदता हा आलेख त्या पृष्ठावर नीट बसतो. पडताळून पाहा. प्रत्येकास शेजारी सहा, शेजारी असलेल्या दोघांना सामाईक शेजारी दोन, शेजारी नसलेल्या दोघांनाही दोन. हिशेब मिठागराच्या चौरसाशी तंतोतंत जुळतो. पण चौरसात एका ओळीतील चौघे सर्वच परस्परांचे शेजारी असतात. या आलेखात असे चौघे शोधूनही सापडत नाहीत. आकृती स्वतःवरच बसेल अशा रीतीने ठिपक्यांची अदलाबदल चौरसात १,१५२ प्रकारांनी करता येते, येथे केवळ १९२ प्रकारांनी. हिशेब एक, वस्तू दोन.

या निबंधाची वर्तमानपत्रांनी दखल घेतली नाही. घ्यावी अशी अपेक्षाही नव्हती. गंमत अशी की त्याच वर्षी, त्याच श्रीखंडे यांचे नाव ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर झळकले, पण ते दुसऱ्याच कामासाठी.

ती हकीकत पुन्हा ऑयलरपासून सुरू होते. पत्त्यांतील चार एक्के, चार राजे, चार राण्या आणि चार गुलाम घ्या, आणि ते चार-चारच्या चौरसात असे मांडा की कोणत्याही आडव्या किंवा उभ्या ओळीत तेच चित्र पुन्हा येऊ नये आणि इस्पिक, बदाम, चौकट, किलवर यांपैकी तोच रंगही पुन्हा येऊ नये. थोड्या खटपटीने हे जमते. नुसती चित्रे पाहिली तर एक चौरस दिसतो, नुसते रंग पाहिले तर दुसरा. प्रत्येकात ओळीस ओळीत सर्व चिन्हे एकेकदा. अशा चौरसांना लॅटिन चौरस म्हणतात, आणि हे दोघे एकमेकांचे ‘जोडीदार’ होत. ऑयलरने १७८२ साली छापलेल्या निबंधात सहा पलटणींतील सहा हुद्द्यांचे छत्तीस अधिकारी अशा रीतीने उभे करण्याचा प्रश्न घेतला. त्याला ते जमले नाही. बाजू दोनची असेल तरी जमत नाही, हे तर उघडच आहे. यावरून त्याने असा तर्क बांधला की दोन, सहा, दहा, चौदा, अठरा अशा, चाराने भागल्यास दोन उरणाऱ्या, कोणत्याही बाजूच्या चौरसास जोडीदार नसावा. सहाच्या बाबतीत तो खरा होता. फ्रान्समधील तारी याने १९०० च्या सुमारास सर्व प्रकार तपासून तसे सिद्ध केले. बाकीच्यांविषयी पावणेदोनशे वर्षे नुसता विश्वास होता.

१९५९ साली बोस आणि श्रीखंडे यांनी बाविसाच्या बाजूचे असे दोन जोडीदार चौरस रचून दाखविले. शेतातील प्रयोगांसाठी तयार झालेल्या मांडण्याच त्यांनी येथे कामास लावल्या. लहान लहान चौरस योग्य तऱ्हेने विणून मोठा चौरस उभा केला. अर्नेस्ट पार्कर या अमेरिकन गणितज्ञाने दहाच्या बाजूचे चौरस रचले. मग तिघांनी मिळून सिद्ध केले की ऑयलरच्या तर्कात दोन आणि सहा एवढेच खरे. दहापासून पुढे सगळीकडे तो खोटा आहे. एप्रिल १९५९ मध्ये अमेरिकन गणित संस्थेच्या न्यूयॉर्क येथील सभेत हे जाहीर झाले, २६ एप्रिलला वृत्तपत्राने ते पहिल्या पानावर घेतले, आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरच्या ‘सायंटिफिक अमेरिकन’च्या मुखपृष्ठावर दहाचा तो रंगीत चौरस छापला गेला. ऑयलरचा खेळ मोडणारे तिघे म्हणून बोस, श्रीखंडे आणि पार्कर यांची नावे एकत्र घेतली जाऊ लागली.

श्रीखंडे यांच्याविषयी जे थोडेफार लिहिले जाते ते बहुधा येथेच थांबते. थोरल्या गणितज्ञाची चूक दाखविली, ही गोष्ट सांगावयास सोपी आणि ऐकावयास गोड असते. परंतु मला वाटते, ही दोन कामे शेजारी ठेवून पाहिल्याखेरीज दोहोंचेही खरे मोल कळत नाही. ऑयलरने दोन आणि सहा पाहिले आणि त्यांवरून नियम कल्पिला. वस्तुतः दोन आणि सहा हेच अपवाद होते, नियम उलटा होता. श्रीखंडे यांच्यापाशी चौरसाच्या ओळखीचा नियम होता; तो नियम मोठ्या संख्यांना लागू आहे एवढे सांगून ते थांबले असते तर त्यांना कोणी नावे ठेवली नसती. मोठमोठ्या संख्यांच्या कामात लहानसहान प्रकरणे सोडून देण्याचा प्रघात आहेच. पण ते लहान संख्यांपर्यंत खाली उतरले, चारपाशी अडले, आणि जेथे अडले तेथे काय आहे हे त्यांनी नीट निरखून पाहिले. अपवादाला नियम समजणे ही एक चूक. नियमाच्या झळाळीत अपवाद न दिसणे ही दुसरी. एकाच वर्षात एका माणसाने एक चूक दुरुस्त केली आणि दुसरी स्वतः होऊ दिली नाही.

एवढेच असते तर हा केवळ बोध झाला असता. पण ही दोन कामे आतूनही एकमेकांशी जोडलेली आहेत, आणि तो सांधा मोठा सुंदर आहे. चारच्या बाजूचे लॅटिन चौरस मुळात दोनच जातींचे असतात. पहिला असा, की प्रत्येक ओळ आधीच्या ओळीहून एक घर सरकलेली:

अ आ इ ई
आ इ ई अ
इ ई अ आ
ई अ आ इ

दुसरा असा, की अक्षरे जोडीजोडीने जागा बदलतात:

अ आ इ ई
आ अ ई इ
इ ई अ आ
ई इ आ अ

पत्त्यांचा खेळ दुसऱ्या जातीच्या चौरसाने जमतो. त्यास जोडीदार आहे. पहिल्या जातीच्या चौरसास जोडीदार नाही. सम बाजूच्या अशा सरकत्या चौरसास तो कधीच नसतो, हे खुद्द ऑयलरनेच दाखविले होते. आता दोन्ही चौरसांतील सोळा घरांना ठिपके समजा, आणि जी दोन घरे एका आडव्या ओळीत नाहीत, एका उभ्या ओळीत नाहीत आणि ज्यांतील अक्षरही एक नाही, त्यांना रेघेने जोडा. पंधरांतून तीन, तीन आणि तीन वजा जाता प्रत्येक घरास सहा शेजारी उरतात. दोन्ही ठिकाणी सामाईक शेजाऱ्यांचा हिशेबही तोच, दोन आणि दोन. ज्यास जोडीदार आहे त्या चौरसातून निघतो तो मिठागराचा साधा आलेख. ज्यास जोडीदार नाही त्या एकाकी चौरसातून निघतो तो श्रीखंडे यांचा आलेख. ऑयलरने १७३६ साली ज्या ठिपक्या-रेघांचे शास्त्र सुरू केले आणि १७८२ साली ज्या चौरसांच्या जोड्या शोधल्या, त्या दोन्ही वाटा, शेताच्या बांधावरून फिरून, या सोळा ठिपक्यांत एकत्र येतात.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. त्याच सुमारास दुसऱ्या एका प्रसिद्ध नातेव्यवस्थेविषयी, जिला त्रिकोणी म्हणतात, हाच प्रश्न विचारला गेला. आठ माणसांतून दोघादोघांच्या अठ्ठावीस जोड्या होतात. ज्या जोड्यांत एक माणूस सामाईक त्या शेजारी. तेथे कॉनर, हॉफमन, चांग आणि श्रीखंडे यांच्या कामांतून असे निष्पन्न झाले की माणसांची संख्या आठ असेल तेवढेच सोडून हिशेबावरून वस्तू ओळखता येते. आठपाशी मात्र चांग यांना तीन तोतये सापडले. १९६३ साली बोस यांनी या सगळ्या आलेखांना ‘दृढ नियमित’ हे नाव दिले. जे शेतातील प्रयोगांचे उपांग होते ते त्या नावासरशी गणिताचे स्वतंत्र दालन झाले. १९६८ साली डच गणिती सायडेल यांनी त्या दालनातील एका मोठ्या वर्गाची संपूर्ण यादी केली. नियमाने चालणारी तीन घराणी, आणि त्यांच्याबाहेर सात आलेख, कोणत्याही घराण्यात न बसणारे. त्या सातांत चांग यांचे तीन आहेत, जुन्या काळचा पीटरसनचा दहा ठिपक्यांचा आलेख आहे, आणि श्रीखंडे यांचा सोळा ठिपक्यांचा आहे. घराण्यांना संख्येची सीमा नाही. या सातांची मात्र नावे ठेवावी लागली. माणसांतही असेच होते, नाही काय? कुळाचे नाव पुष्कळांस पुरते. ज्याचा मेळ कोणत्याच कुळाशी बसत नाही त्यास स्वतःचे नाव लागते.

श्रीखंडे अमेरिकेत राहिले नाहीत. १९६० साली ते बनारसच्या हिंदू विश्वविद्यालयात आले, आणि १९६३ साली मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे पहिले प्रमुख झाले. हा विभाग त्यांनी शून्यातून उभा केला; तेथील प्रगत अध्ययन केंद्राचेही ते संचालक होते. १९७८ साली ते निवृत्त झाले. ज्या विद्यापीठाच्या पदव्या घेण्यासाठी विरार, वसई, भाईंदर, बोरिवलीची मुले दाराला लटकून जात आली, त्याच विद्यापीठात हा माणूस पंधरा वर्षे मांडण्या शिकवीत होता. त्यांच्याबरोबर वासंती भट यांनी, ज्या पुढे भट-नायक या नावाने ओळखल्या गेल्या, १९७० साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचा विषय पाहा: आकडे सर्वस्वी सारखे, पण आतून निराळ्या असलेल्या मांडण्या. सोळा ठिपक्यांपाशी जो प्रश्न भेटला तो त्या घराने पुढच्या पिढीसही शिकविला होता, एवढे यावरून दिसते. श्रीखंडे यांना दीर्घायुष्य लाभले. २१ एप्रिल २०२० रोजी, साऱ्या देशाची दारे बंद असताना, वयाच्या १०२ व्या वर्षी विजयवाडा येथे त्यांचे निधन झाले. त्या दिवसांत वर्तमानपत्रे निराळ्याच आकड्यांनी भरलेली होती. ही बातमी पुष्कळांच्या नजरेतून सुटली असल्यास नवल नाही.

आमच्या या गावात आता मीठ मोजण्यापेक्षा माणसे मोजण्याचे काम मोठे आहे. कोकणातून, गुजरातेतून, राजस्थानातून, उत्तर भारतातून आलेली कुटुंबे एकाच आराखड्याच्या इमारतींत राहतात. आराखडा पाहिला तर प्रत्येक इमारतीत मजले तितकेच, मजल्यावर दारे तितकीच, प्रत्येक दारास शेजारी तितकेच. नगररचनेच्या कागदावर त्या दोन इमारतींत फरक करावयास जागा नाही. पण एखाद्या इमारतीत राहावयास गेलेल्या माणसाला फरक लवकरच कळतो. एकीत त्याचे सहा शेजारी तिघातिघांच्या दोन टोळ्यांत विभागलेले असतात. या तिघांची त्या तिघांशी ओळख नाही, आणि दोन्हींकडे जाणारा तो एकटाच. दुसरीत सहाही जणांनी हात धरून त्याच्याभोवती एक कडे केलेले असते. आणि हे त्याला स्वतःचे शेजारी मोजून कळत नाही. ‘तुमचे यांच्याकडे येणे-जाणे आहे काय?’ असे शेजाऱ्यालाच विचारावे लागते.

श्रीखंडे यांनी कागदावर जे केले ते तत्त्वतः एवढेच. त्यांनी आकड्यांवर अविश्वास दाखविला नाही. उलट आकडे किती दूरवर भरवशाचे आहेत हे सिद्ध करून दिले. चारची बाजू सोडली तर सर्वत्र ते भरवशाचे आहेत. पण जेथे आकड्यांची वाणी संपते ती जागाही त्यांनी बोट ठेवून दाखविली, आणि तेथे उभा असलेला परका त्यांनी हाकलून न देता त्यास आत घेतले. पुढे जगाने त्या परक्यास त्यांचेच नाव दिले. रुळांच्या कडेला एखाद्या बांधाची खूण अजून दिसली की ते सोळा वाफे डोळ्यांपुढे येतात. आणि हेही आठवते की त्यांतील ओळी पुसल्या, फक्त हिशेब ठेवला, तर त्याच सोळांचे चुंबळीवरचे ते दुसरे रूपही तितक्याच हक्काने आपल्यापुढे उभे राहील.